खाशाबांचे मोल

गतकालीन वीराचे मोल ठरविण्याचे काम बहुधा ज्यांनी त्याचा पराक्रम पाहिला नाही अशांच्याच हाती जाते. आम्हीही त्यांपैकीच. खाशाबा दादासाहेब जाधव हेल्सिंकीच्या आखाड्यात उतरले ते जुलै १९५२ मध्ये. त्या वेळी आमचा जन्मही झाला नव्हता. तेव्हा या विषयावर लेखणी उचलण्याचा आमचा अधिकार तो काय, असे कोणी विचारल्यास उत्तर एवढेच की, ज्या वादामुळे हे लिहावेसे वाटले त्यात भाग घेणाऱ्यांपैकी एकाचाही अधिकार आमच्याहून अधिक नव्हता, आणि तरीही तो वाद दोन तास चालला.

वाद झाला तो बीड जिल्ह्यातील दिंद्रुड या आमच्या मूळ गावी. माजलगाव तालुक्यातील हे गाव कुस्तीकरिता प्रसिद्ध आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु उन्हाळ्याच्या तोंडी, कारखान्यांवर गेलेली ऊसतोडीची माणसे परतली की जत्रा भरते, आणि जत्रा म्हटली की फड आलाच. यंदा आम्ही कित्येक वर्षांनी त्या फडास हजर होतो. शेवटची जोड सुटली, हलगी थांबली आणि मंडळी पारावर येऊन बसली. गावातील एक निवृत्त गुरुजी सहज म्हणाले की, खाशाबांसारखा मल्ल पुन्हा होणे नाही. पंचांनी आणि सरकारने मिळून त्यांचा घात केला, नाही तर सोने आपलेच होते. यावर पोलीस भरतीची तयारी करणारा, अंगाने सडपातळ असा एक तरुण उसळून म्हणाला, "गुरुजी, तीन कुस्त्या जिंकल्या, दोन हरल्या, ब्राँझ मिळालं. एवढंच ना? आपल्या पाटोद्याच्या राहुल आवारेनं २०१८ साली राष्ट्रकुलाचं सोनं आणलं, २०१९ ला जागतिक स्पर्धेत पदक आणलं. त्याचं नाव या पारावर किती जण घेतात?"

पारावर उपस्थितांचे तात्काळ दोन तट पडले. एकाचे म्हणणे, खाशाबांची महाराष्ट्राने कधी कदरच केली नाही. दुसऱ्याचे म्हणणे, कदर इतकी झाली आहे की आता ती पुरे. कराडकडे ऊस तोडावयास जाणारे एक गृहस्थ मध्येच म्हणाले की, गोळेश्वर हे खाशाबांचे गाव तिकडेच आहे, आपण त्या बाजूस अनेक हंगाम काढले, पण तिकडेही लोक हाच वाद घालतात. दोन्ही पक्षांचे बोलणे ऐकताना आमच्या ध्यानात आले की, इतक्या बोलण्यात खाशाबांच्या कुस्तीविषयी एक वाक्यही निघाले नाही. घात, उपेक्षा, पदक, पुरस्कार, सरकार हे सर्व निघाले. कुस्ती तेवढी निघाली नाही.

येथे एक कबुली देणे प्राप्त आहे. सुमारे वीस वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयातील पारितोषिक समारंभात आम्ही याच विषयावर भाषण केले होते. हेल्सिंकीच्या प्रवासखर्चासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर सात हजार रुपयांस गहाण टाकले ही प्रसिद्ध कथा आम्ही सांगितली. पदक घेऊन परतलेल्या मल्लाची १५१ बैलगाड्यांतून मिरवणूक निघाली तेही सांगितले. मग १९८४ सालच्या ऑगस्टातील तो अपघाती मृत्यू, आणि निधनानंतर सुमारे सोळा वर्षांनी लाभलेला अर्जुन पुरस्कार. सभागृहात कित्येकांनी डोळे टिपले, आणि आपले वक्तृत्व साधले म्हणून आम्ही मनातून संतुष्ट झालो. समारंभानंतर कान सुजलेला, म्हणजे तालमीत घुमणारा, एक विद्यार्थी जवळ आला आणि म्हणाला, "सर, जाधव कोणत्या डावावर जिंकले?" आम्हांस उत्तर ठाऊक नव्हते. आम्ही म्हणालो, "अरे, डाव महत्त्वाचा नाही, जिद्द महत्त्वाची." तो मुलगा सभ्य होता, त्याने मान हलविली आणि गेला. आमच्या वर्गातील एखाद्या विद्यार्थ्याने परीक्षेत कवीच्या दारिद्र्याचे वर्णन करून कवितेविषयी एक ओळही लिहिली नसती, तर आम्ही त्यास किती गुण दिले असते, हा विचार तेव्हा मनात आला नाही. पुढे पुष्कळ वेळा आला.

पाश्चात्त्य देशांत मुष्टियोद्ध्यांविषयी असे वाद निरंतर चालू असतात. रॉकी मार्सियानो हा जगज्जेता १९५६ साली निवृत्त झाला तेव्हा ४९ पैकी ४९ लढती त्याने जिंकलेल्या होत्या. भक्त म्हणतात, ज्यास कोणीच हरविले नाही त्याच्याहून मोठा कोण? टीकाकार म्हणतात, त्याच्यासमोर उभे कोण होते ते पाहा. १९५१ साली त्याने जो लुईला पाडले खरे, पण तो लुई सदतीस वर्षांचा, उतरणीला लागलेला होता. हा वाद मिटलेला नाही. परंतु त्यात भाग घेणाऱ्यास निदान प्रतिस्पर्धी कोण, त्यांचे वय काय, ठोसा कोणता, पाय कसे चालत होते, हे सांगावे लागते. आमच्याकडे मात्र अशा वादात प्रथम डोळे पाणावतात आणि मग निकाल लागतो. तेव्हा खाशाबांस त्याच कसोटीस लावून पाहू.

१९४८ साली लंडन येथे ते सर्वांत हलक्या, म्हणजे ५२ किलोच्या गटात लढले. माती सोडून गादीवरच्या कुस्तीचा त्यांचा हा पहिलाच मोठा प्रसंग. रीस गार्डनर नावाच्या परदेशी शिक्षकाने त्यांच्या पायांतील चपळाई हेरली आणि तेथल्या नियमांची ओळख करून दिली. खाशाबांनी ऑस्ट्रेलियाच्या व अमेरिकेच्या मल्लांस हरविले, इराणच्या मल्लाकडून हार खाल्ली, आणि सहावा क्रमांक मिळविला. (त्याच सुमारास आमचे दिंद्रुड निजामाच्या राज्यात होते आणि रझाकारांच्या धास्तीने गावे रात्री जागत होती. गुरुजींनी ज्यांना 'आपल्या महाराष्ट्राचा मल्ल' म्हटले त्यांच्या लंडनच्या कुस्तीची वार्ता तरी तेव्हा या पारापर्यंत पोहोचली असेल की नाही, याची शंकाच आहे.) चार वर्षांनी ते ५७ किलोच्या गटात उतरले. वजनाचा गट वाढला म्हणजे समोरचा गडीही जड झाला. आणि गट वाढवूनही सहावा क्रमांक तिसऱ्यावर आला. नुसत्या आकड्यांतही येथे काही आहे, हे तरुण मित्राने मान्य करावे.

हेल्सिंकीत त्यांनी कॅनडाचा पोलिक्विन, मेक्सिकोचा बासुर्तो आणि जर्मनीचा श्मिट्झ यांस हरविले. जपानचा शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचा रशीद ममेदबेकोव्ह यांच्याकडून ते हरले. सुवर्ण इशीस, रौप्य ममेदबेकोव्हला, कांस्य खाशाबांना. तरुण म्हणतो त्याप्रमाणे हिशेब तीन आणि दोनच होतो. परंतु हे दोन कोण होते? हेल्सिंकीच्या त्या संपूर्ण ऑलिम्पिकमध्ये जपानला एकच सुवर्णपदक मिळाले, आणि ते मिळविणारा हाच इशी. सोव्हिएत संघ तर ऑलिम्पिकमध्ये प्रथमच उतरत होता, आणि कुस्तीत तो काय चीज आहे हे जगाने त्या वर्षी पाहिले. पुढे कित्येक वर्षे पाहतच राहिले. म्हणजे खाशाबा हरले ते कुस्तीत पुढे जगावर राज्य करणाऱ्या दोन परंपरांच्या प्रतिनिधींकडून. अशा पराभवास आम्ही तरी उणीव म्हणणार नाही.

आता गुरुजींच्या पक्षाकडे वळू. त्यांचा सर्वांत आवडता मुद्दा असा की, इशीशी झालेल्या दमछाक करणाऱ्या झुंजीनंतर नियमाप्रमाणे अर्ध्या तासाची विश्रांती मिळावयास हवी होती. ती न देता खाशाबांस ममेदबेकोव्हसमोर उभे केले, आणि हरकत घेण्यास एकही भारतीय अधिकारी जागेवर नव्हता. ही हकीकत सर्वत्र सांगितली जाते आणि ती खोटी मानण्याचे आम्हांस कारण दिसत नाही. परंतु तीवरून 'सोने हुकले' हे अनुमान कसे निघते? इशीशी झालेली झुंज आधीची, हे कथा सांगणारेच सांगतात. ती खाशाबा विश्रांती घेऊनच लढले आणि हरले. दुसऱ्या झुंजीपूर्वी श्वास घेण्यास अवधी मिळाला असता तर फार तर कांस्याचे रौप्य झाले असते. तेही थोडे नव्हे, आणि तो अन्याय अन्यायच. पण सोने इशीचे होते. ते त्याने जिंकले होते. आपल्या मल्लास मोठे करण्याकरिता दुसऱ्या मल्लाचा घाम हिशेबातून पुसून टाकणे हे कुस्तीच्या फडात शोभत नाही. तेथे तर हरणारा जिंकणाऱ्याच्या पाठीवर थाप मारून मग आखाड्याबाहेर पडतो.

हेल्सिंकीच्या निवडीसंबंधीची कथाही अशीच. मद्रासच्या स्पर्धेत आपणांस हेतुतः एक गुण कमी दिला गेला अशी खाशाबांची तक्रार होती. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली आणि पुन्हा घेतलेल्या चाचणीत प्रतिस्पर्ध्यास चितपट केले. ही कथा सांगताना आपण 'तक्रार' या शब्दावर जोर देतो आणि 'चितपट' हा शब्द घाईने उच्चारतो. आमच्या मते जोर नेमका उलट हवा. एका गुणाच्या फरकावर पंचांशी वाद घालता येतो. पाठ जमिनीला लागल्यावर वादास जागाच उरत नाही. खाशाबांनी वाद संपविला तो अर्जाने नव्हे, आखाड्यात संपविला.

आणि येथेच त्यांच्या कुस्तीचे मर्म असावे असे आम्हांस वाटते. मातीतील कुस्तीचा कायदा एकच: पाठ लावा. गुण नाहीत, घड्याळाची फारशी पर्वा नाही. निकाली झाली तर कुस्ती, नाही तर बरोबरीत सोडविली. गादीवर सर्व उलटे. तेथे ताबा, कड, घेर, वेळ, प्रत्येकाचा हिशेब होतो. मातीत वाढलेला मल्ल गादीवर गेला की बहुधा गोंधळतो. पाय सरकत नाहीत, पकड निसटते. तथापि त्या काळच्या ऑलिम्पिक पद्धतीत एक गोष्ट मातीच्या बाजूची होती. मल्लांना गुण नव्हे तर दोषांक मिळत, आणि ठरावीक दोषांक साचले की मल्ल बाद होई. गंमत अशी की, नुसत्या गुणांवर जिंकणाऱ्याच्या पदरीही दोषांक पडे. निर्दोष सुटे तो फक्त चितपट करणारा. ज्याची सारी तालीम चितपट करण्यासाठी झाली आहे अशा मल्लास ही व्यवस्था मानवणारी होती, मात्र गादीवर पाय स्थिर ठेवण्याची कला त्याने शिकलेली असली पाहिजे. १९४८ आणि १९५२ यांच्या दरम्यान खाशाबांनी जे कमावले ते हेच: मातीचा निकालीपणा न सोडता गादीची चाल आत्मसात केली. 'ढाक' हा त्यांचा हुकमी डाव म्हणून सांगतात. वीस वर्षांपूर्वीच्या त्या विद्यार्थ्यास आम्ही निदान एवढे तरी सांगावयास हवे होते.

मग असा मल्ल असूनही त्याची कदर उणी का झाली? सरकारकडे बोट दाखविणे सोपे आहे, आणि सरकार त्यास पात्रही आहे. परंतु दोष आपल्या फडाचाही आहे, हे कोणी बोलत नाही. आपल्याकडे कुस्तीचे मोल देहाच्या मापाने होते. कोणत्याही जत्रेत पाहा: सकाळी रेवड्या-नारळांवर पोरांच्या कुस्त्या लागतात, मग शेकड्याच्या, मग हजाराच्या, आणि दिवस कलल्यावर, सर्व मैदान उठून उभे राहते ते शेवटच्या जोडीस, म्हणजे दोन सर्वांत धिप्पाड गड्यांस पाहण्यास. राजर्षी शाहूंनी कोल्हापुरास खासबाग मैदान उभे केले ते १९१२ साली पुरे झाले. तेव्हापासून आजतागायत त्या मैदानाच्या आख्यायिका बहुतांशी अवाढव्य देहांच्याच. १९६१ पासून सुरू झालेल्या महाराष्ट्र केसरीची गदा ज्याच्या खांद्यावर जाते तो वजनदारच असतो. ५७ किलोंचा माणूस आपल्या डोळ्यांत भरतच नाही. त्याचा पराक्रम पटावा म्हणून मग आपण त्यास गहाण पडलेले घर जोडतो, बैलगाड्या जोडतो, अश्रू जोडतो. देह लहान पडला म्हणून दुःख मोठे करून दाखविण्याचा हा प्रकार आहे.

या दुःखाच्या चित्रातही रंग थोडे जास्त चढले आहेत. खाशाबा १९५५ साली पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून दाखल झाले आणि सुमारे सत्तावीस वर्षांच्या नोकरीनंतर साहाय्यक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. निवृत्तिवेतनासाठी त्यांस खेटे घालावे लागले असे सांगतात. ते खरे असल्यास लज्जास्पदच. परंतु व्याख्यानांतून जो दारोदार हिंडणारा निष्कांचन मल्ल उभा केला जातो तो हा माणूस नव्हे. हा गृहस्थ गणवेश चढवून रोज कामावर जात होता आणि आपल्या पदकाचे भांडवल करीत नव्हता. त्यांची कीव करणे हा त्यांचा गौरव आहे असे आम्हांस वाटेनासे झाले आहे.

मानसन्मानांचा हिशेब थोडक्यात सांगून टाकतो, कारण त्यात नवे काही नाही. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. परंतु त्याच हेल्सिंकीत हॉकीच्या संघाने सुवर्ण मिळविल्यामुळे देशाचे डोळे तिकडे लागलेले. पुढले वैयक्तिक पदक मिळाले ते १९९६ साली, टेनिसमध्ये लिअँडर पेस यास, म्हणजे चव्वेचाळीस वर्षांनी. कुस्तीचे पुढले पदक २००८ साली. महाराष्ट्राच्या पुत्रास पुन्हा वैयक्तिक पदक मिळाले ते २०२४ मध्ये पॅरिस येथे, कोल्हापूरच्याच मातीतील नेमबाज स्वप्नील कुसाळे यास. बहात्तर वर्षे झाली. दिल्लीतील कुस्तीच्या क्रीडागारास खाशाबांचे नाव आहे, त्यांचा जन्मदिवस १५ जानेवारी हा महाराष्ट्राने राज्य क्रीडा दिन ठरविला आहे, आणि त्यांच्या मृत्यूस चाळीस वर्षे झाली तोपर्यंत पद्म सन्मान मात्र त्यांच्या नावे लागलेला नव्हता. ज्यांना पुरस्कारांवरून माणसाचे मोल ठरवावयाचे असेल त्यांनी या सामग्रीवरून खुशाल ठरवावे.

आम्हांस या सर्व प्रकरणात राहून राहून आठवण होते ती दुसऱ्याच एका मल्लाची. हेल्सिंकीच्या त्याच स्पर्धेत, खाशाबांहून एक गट वर, केशव माणगावे नावाचा आपलाच मराठी मल्ल लढला आणि चौथा आला. तिसरा आणि चौथा यांत अंतर ते किती! पण तिसऱ्याचे पुतळे होतात, त्याच्यावर व्याख्याने होतात, त्याची कदर झाली की नाही यावर पारापारावर वाद होतात; चौथ्याविषयी वाद घालण्याइतकीही माहिती कोणास नसते. त्या रात्री आम्ही हे नाव उच्चारले तेव्हा गुरुजींनी ते पुन्हा विचारून घेतले.

राहता राहिला तरुणाचा राहुल आवारे. त्याची तक्रार आम्हांस मनापासून पटते. राष्ट्रकुलात आवारेने ज्या गटात सुवर्ण मिळविले तो ५७ किलोंचाच, म्हणजे आकड्याने तरी खाशाबांचाच गट. आणि पुढे पोलीस खात्यातच अधिकारीपद, हाही योगायोग. जागतिक स्पर्धेतील त्याचे पदक ६१ किलोंचे. तो गट ऑलिम्पिकमध्ये नाही, म्हणून त्या पदकामागून ऑलिम्पिकचे दार उघडले नाही. जागतिक स्पर्धेचे कांस्य ऑलिम्पिकच्या कांस्याहून हलके असते असे कोणी कुस्ती जाणणारा म्हणणार नाही. त्यातून आजच्या काळी कितीतरी अधिक देशांचे मल्ल अशा स्पर्धेत उतरतात. तरीही तरुणाच्या युक्तिवादात एक खोट आहे. आवारेची कदर होत नाही हे सिद्ध करावयास खाशाबांची कदर कमी करण्याची गरज नव्हती. दोघेही लहान चणीचे, दोघेही चपळ, आणि दोघांनाही अडवून धरले ते फडाच्या त्याच जुन्या मापाने. आवारे पैलवान बीड जिल्ह्यातला, म्हणजे या पाराचा शेजारी. त्याचे नाव येथे घेतले जात नाही याचा जाब खाशाबांस कसा विचारावा?

हे सर्व आम्ही त्या रात्री पारावर बोललो असे मात्र वाचकांनी समजू नये. आम्ही बोललो ते थोडेच, आणि बोललो तेही नीट जमले नाही. प्राध्यापकाचे बोलणे पारावर नेहमीच लांबते आणि लोक तंबाखू मळू लागतात. शेवटी आम्ही त्या तरुणास एवढेच विचारले की, ढाक हा डाव असतो तरी कसा? तो प्रथम हसला. "सर, सांगून नाही कळायचं. दाखवू का?" म्हणाला, आणि आमच्याकडे पाहून, बहुधा आमच्या वयाचा विचार करून, त्याने बाजूस बसलेल्या आपल्या जोडीदारास उठविले. दोघे पारासमोरच्या मऊ धुळीत उभे राहिले. एकाचा हात दुसऱ्याच्या मानेभोवती गेला एवढे आम्हांस दिसले. पुढचे दिसले नाही, कारण तोवर दुसरा पाठीवर पडलेला होता आणि हसत होता. गुरुजी चष्मा पुसत पाराच्या कडेपर्यंत सरकले आणि म्हणाले, "पुन्हा दाखव रे, जरा सावकाश."